नदीकाठचे माशीमार

नदीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे आधी पाणी उपसणारी मोटार येते, मग ऊस येतो आणि पावसाळ्यात पूर येतो. नदीच्या काठावर करंज, उंबर, जांभूळ आणि वाळुंजाची जी दाट झाडी असते, तिच्याकडे आपण फारसे पाहत नाही. वैरणीला चार फांद्या, जळणाला वाळके लाकूड, एवढाच तिचा आपला संबंध. पण या झाडीत राहणारी एक मोठी मजेदार बिरादरी आहे. तिला आपण सरसकट ‘माशीमार’ म्हणतो. आज या बिरादरीची ओळख करून घेऊ. त्यासाठी फार लांब जायचे कारण नाही. भोर तालुक्यातल्या बनेश्वरला जाऊ.

जायचे कसे?

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले की खेड-शिवापूर मागे पडते आणि सुमारे पस्तीस किलोमीटरवर चेलाडी फाटा लागतो. तिथे उतरून नसरापूर गाव ओलांडले की पुढे बनेश्वर. बनातला ईश्वर तो बनेश्वर. मंदिर पेशवाईतले, नानासाहेबांच्या काळातले. समोर पाण्याची दगडी कुंडे आहेत, सभोवती राखलेली झाडी आहे आणि झाडीच्या कडेने शिवगंगा वाहते. सिंहगडाच्या अंगाने निघालेली ही लहानशी नदी पुढे गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला, आणि नीरा पार नरसिंगपूरला जाऊन भीमेला. म्हणजे इथल्या झाडाचे पान पाण्यात पडले तर ते पंढरपूरच्या खालच्या भागापर्यंत जायचे नाही खरे, कारण नरसिंगपूर पंढरपूरच्या वर आहे. ते आधी चंद्रभागेच्या वाळवंटालाच लागायचे!

श्रावणातल्या सोमवारी इथे गर्दी असते. आपले काम गर्दीत होणार नाही. साधा वार धरावा, सकाळी सातच्या सुमारास पोचावे, नाहीतर दुपारी तीननंतर जावे. भडक कपडे नकोत. दर्शन घ्यावे आणि मंदिरामागच्या पायवाटेने पाण्याच्या कडेला जाऊन एखाद्या दगडावर गप्प बसावे. पक्षी पाहायला फिरावे लागते, असा आपला समज असतो. माशीमारांच्या बाबतीत उलटे आहे. आपण बसून राहिलो की ते आपल्यापुढून फिरतात.

माशीमार ओळखावा कसा?

सगळ्या माशीमारांची कामाची रीत एक. सावलीतल्या एखाद्या उघड्या फांदीवर बसायचे, उडता किडा दिसला की झेप घ्यायची, हवेतच तो टिपायचा आणि परत फांदी गाठायची. चोच बुडाशी रुंद आणि चपटी असते. चोचीच्या दोन्ही बाजूंना मिशांसारखे राठ केस असतात. पाय आखूड आणि नाजूक, कारण जमिनीवर चालण्याचे काम फारसे नाही.

पण नुसती रीत पाहून फसू नये. आपल्या शिवारातला कोतवालही असाच झेपावतो. तारेवर बसणारा हिरवा वेडा राघूही असाच मधमाशा टिपतो. हे दोघे उघड्यावरचे, उन्हातले. माशीमार सावलीतला. ही पहिली खूण ध्यानात ठेवावी.

शिवगंगेच्या काठी बसले की चार जण मुख्यतः दिसण्यासारखे आहेत.

पहिला नाचण. रंग काळपट करडा, भुवई पांढरी. हा एका जागी ठरतच नाही. शेपटीचा जपानी पंखा उघडायचा, मिटायचा, अर्धी गिरकी घ्यायची आणि तोंडाने कुणी माणसाने शीळ घालावी तशी चढउताराची शीळ घालायची. झाडीत खाली, माणसाच्या उंचीवर सापडतो. गळा पांढरा आणि छातीवर पांढरे ठिपके असतील तर तो ठिपकेवाला नाचण समजावा.

दुसरा टिकेलचा निळा माशीमार. चिमणीएवढा. नराची पाठ निळी, छाती विटकरी आणि पोट पांढरे. मादीचे रंग तेच, पण फिके. टिकेल नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी पक्ष्यांचा अभ्यासक होता, त्याचे नाव याला मिळाले. गाणे बारीक, घुंगरू हलवल्यासारखे. हा घरटे उघड्या फांदीवर बांधत नाही. झाडाची ढोली किंवा दरडीतली, दगडांमधली सांदकपार शोधतो. म्हणून ज्या काठाची दरड जिवंत, तिथे हा असतो.

तिसरा काळ्या मानेचा निळा माशीमार. काही पुस्तकांतून त्याला नीलमणी म्हटले आहे. नराचे सारे वरचे अंग आणि छाती आकाशासारखी निळी, मानेच्या मागे काळा ठिपका आणि गळ्यावर काळी बारीक रेघ. मादीला ठिपका नसतो, पाठ करडी असते. दुसऱ्याशी याची गफलत होते. त्यावर सोपी युक्ती आहे. छाती पाहावी. विटकरी असली तर टिकेलचा, निळी असली तर नीलमणी.

चौथा या सगळ्यांचा सरताज, स्वर्गीय नर्तक. उत्तरेकडे त्याला दूधराज किंवा शाहबुलबुल म्हणतात. मध्य प्रदेशाने त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. अंगाने बुलबुलाएवढा, पण नराच्या शेपटीतली मधली दोन पिसे फितीसारखी लांब वाढतात, ती चोवीस सेंटिमीटरपर्यंत जातात. म्हणजे पक्षी वीतभर आणि वर वीतभराची शेपटी! डोके काळेभोर, चमकदार, त्यावर तुरा. डोळ्याभोवती निळे कडे.

याला पाहायची उत्तम वेळ दुपारनंतरची. डोहावर वाकलेल्या फांदीवरून हा सूर मारून पाण्याला टेकतो, परत फांदीवर जातो, पुन्हा टेकतो. हे त्याचे स्नान. लांब फिती पाण्यावरून सळसळत जातात तेव्हा पाहणाऱ्याचा श्वास रोखला जातो.

एकच पक्षी, दोन पोशाख

स्वर्गीय नर्तकाने भल्याभल्यांना कोड्यात टाकले आहे. कारण त्याचे नर दोन रंगांचे असतात. एक तांबूस विटकरी पाठीचा आणि शेपटीचा, दुसरा दुधासारखा पांढराशुभ्र. दोघांची डोकी मात्र काळी. शिवाय मादी तांबूस, पण तिला लांब फिती नसतात आणि गळा करडा असतो. कोवळ्या वयाचा नरही मादीसारखाच दिसतो. लांब शेपटी त्याला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी येते.

आता पाहा, एकाच आंब्यावर एक पांढरा लांब शेपटीचा, एक तांबडा लांब शेपटीचा आणि दोन आखूड शेपटीचे तांबडे दिसले, तर पाहणारा म्हणणार, तीन जातींचे पक्षी आहेत. प्रत्यक्षात सारे एकाच जातीचे. आपल्या गोठ्यात एकाच गायीला एक पाडस तांबडे आणि एक पांढरे होत नाही काय? तसेच हे. गंमत अशी की श्रीलंकेत कायम राहणाऱ्या स्वर्गीय नर्तकांत पांढरा नर होतच नाही. तिथे सारे तांबडेच.

मादीची आणि बुलबुलाची गफलत होते. त्याचीही खूण सांगतो. लालबुड्या बुलबुलाच्या शेपटीखाली लाल डाग असतो आणि त्याची पाठ मळकट तपकिरी, खवल्याखवल्यांची असते. स्वर्गीय नर्तकाच्या मादीला लाल डाग नसतो, पाठ भाजलेल्या विटेच्या रंगाची, एकसारखी असते.

कूळ कोणते?

इथे कुणी म्हणेल, साहेब, नावे कळली, आता कूळ कशाला हवे? आपल्याला काय सोयरीक करायची आहे?

कुळाचा उपयोग शेतकऱ्याला नवा नाही. बटाटा आणि रताळे पाहा. दोन्ही जमिनीखाली पोसतात, दोन्ही उकडून खातो, उपवासाला दोन्ही चालतात. पण बटाटा वांगी-टोमॅटो-मिरचीच्या कुळातला आणि रताळे गारवेलीच्या कुळातले. म्हणून टोमॅटोनंतर त्याच रानात बटाटा लावू नका असे आम्ही सांगतो, कारण एकाच कुळातल्या पिकांचे रोग एकमेकांत जातात. वरून सारखे दिसणे वेगळे आणि नाते असणे वेगळे.

माशीमारांचे असेच झाले. वर्षानुवर्षे या चौघांना पंडितांनी माशीमारांच्या एकाच मोठ्या कुळात घातले होते, कारण चौघांचा धंदा एक. पुढे रक्तातले आणि पेशींतले आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, ताडून पाहण्याची विद्या आली. अमेरिकेतील सिबली आणि आल्क्विस्ट या दोघा शास्त्रज्ञांनी या पद्धतीने जगभरच्या पक्ष्यांची नवी मांडणी करून १९९० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतरही पुष्कळ काम झाले. त्यातून असे ठरले की खरा माशीमार या चौघांत एकच, टिकेलचा. स्वर्गीय नर्तक आणि नीलमणी यांचे कूळ वेगळे आणि नाचणाचे त्याहून वेगळे. हे तिघे जवळचे कुणाला, तर कोतवालाला, खाटकाला आणि जरा लांबून कावळ्याला!

आणि टिकेलच्या माशीमाराचे सगेसोयरे कोण? आपल्या अंगणात पहाटे गाणारा दयाळ, बांधावर शेपटी वर करून बसणारा चिरक आणि काटेरी कुंपणावरचा गप्पीदास. हे तिघेही आता त्याच्याच कुळात धरतात.

यात एक मौज आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली स्वर्गीय नर्तकाला पहिले शास्त्रीय नाव दिले. ते देताना त्याने या देखण्या पक्ष्याला चक्क कावळ्याच्या गटात बसवले होते. पुढच्या लोकांनी त्याला तिथून काढून माशीमारांत नेले. आणि अडीचशे वर्षांच्या आत तो पुन्हा कावळ्याच्या भावकीजवळ येऊन बसला. लिनियसला हे नाते ठाऊक नव्हते, पण नेम मात्र जवळ लागला. आज त्याच्या गटाचे नाव टर्प्सिफोनी आहे. ग्रीक भाषेतल्या आनंद आणि आवाज या दोन शब्दांपासून ते केले आहे. आवाज ऐकल्यावर हे नाव जरा अतिशयोक्तीचे वाटेल, कारण एरवी तो ‘च्ये, च्ये’ असा कर्कश ओरडतो.

कुळाची वाटणी अजून थांबलेली नाही. २०१५ पर्यंत आपल्याकडचा, आग्नेय आशियातला आणि चीन-कोरियाकडचा स्वर्गीय नर्तक एकच जात धरत. आता त्या तीन जाती मानतात. सातबारा वेगळे व्हावेत तसे झाले. आपल्या वाट्याला आला तो भारतीय स्वर्गीय नर्तक.

सव्वातीन गुंठ्यांचा हिशेब

बनेश्वरची झाडी देवाची म्हणून राहिली. पण नदी काही देवळापुरती नसते. मंदिरापासून वरच्या अंगाला काठाकाठाने चालत गेले की झाडी तुटक होत जाते. कुठे ऊस थेट पात्राच्या कडेपर्यंत आलेला, कुठे दरड उघडी पडून ढासळलेली. माशीमार अशा ठिकाणी भेटत नाहीत. पुन्हा करंज-जांभळांचा पट्टा लागला की नाचणाची शीळ ऐकू येते. डोळे मिटून चालले तरी कुठे झाडी आहे आणि कुठे नाही, हे कानाला कळते.

अशाच एका मळ्यावर मागच्या ज्येष्ठात जाणे झाले. मळ्याच्या मालकाने काठावरच्या झाडीकडे बोट दाखवून विचारले, “साहेब, एवढी झाडी काढून घ्यावी म्हणतो. सावलीनं कडेचा ऊस मार खातोय. जेसीबी गावात आलेलाच हाय.”

त्यांच्या मंडळी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, त्या वाकड्या करंजाला घरटं हाय. तांबडं पाखरू बसतंय रोज. पिल्लं निघू द्या की.”

“अगं, पाखरासाठी जमीन सोडतं का कुणी?”

“पाखरासाठी नका सोडू. खालच्या मळ्याची दरड गेल्या पुरात गेली, ती बघितली न्हवं?”

वाकड्या करंजाच्या खालच्या फांदीच्या टोकाला, पाण्यावर लोंबणारे, चहाच्या कपाएवढे घरटे होते. बारीक काड्या आणि कोळ्याची जाळी यांनी विणलेले. शेजारच्या उंबरावर कोतवालाच्या जोडीचे घर. स्वर्गीय नर्तक पुष्कळदा कोतवालाच्या शेजाराने घरटे बांधतो, कारण कोतवाल कावळ्या-शिक्र्याला फिरकू देत नाही. म्हणजे फुकटचा राखणदार. घरट्यावर नर आणि मादी पाळीने बसतात. लांब शेपटीचा पांढरा नर त्या कपात बसला की फिती खाली लोंबत राहतात. अंडी तीन-चार. ती उबवायला दोन आठवडे लागतात आणि पिल्ले पुढच्या दहाबारा दिवसांत उडतात. म्हणजे सारा प्रपंच महिन्याभराचा.

आम्ही झाडीचा पट्टा टेपने मोजला. लांबी अडीचशे फूट, रुंदी चौदा फूट. झाले साडेतीन हजार चौरस फूट. गुंठा एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांचा. म्हणजे सव्वातीन गुंठेसुद्धा पुरते भरत नाहीत. एकरी चाळीस टन ऊस धरला तर गुंठ्याला एक टन. सगळी झाडी काढून, जमीन सपाट करून, पहिल्याच वर्षी पीक पूर्ण आले असे मानले तरी पदरात तीन टनांच्या वर काही पडत नाही. त्यातून तोडणीचा, मुळे काढण्याचा आणि जेसीबीचा खर्च वजा.

दुसऱ्या बाजूला काय? करंजाची आणि उंबराची मुळे दरडीला दोराने बांधल्यासारखी धरून ठेवतात. ती निघाली की पुराचे पाणी मळईची माती खालून पोखरते आणि वरचा बांध ओल्या भिंतीसारखा कोसळतो. एका पुरात दहा फूट रुंदीची पट्टी गेली तर अडीचशे फुटांच्या लांबीत अडीच हजार चौरस फूट, म्हणजे सव्वादोन गुंठ्यांहून अधिक कसदार जमीन नदीत जाते. मिळवलेले सव्वातीन गुंठे आणि गमावलेले सव्वादोन! आणि पूर एकदाच येतो असे थोडेच आहे?

मालकांनी तोंडातली तंबाखू थुंकली आणि झाडीकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, “मंग उसाच्या अंगाच्या फांद्या तरी छाटू द्याल का न्हाई?” त्यात गैर काही नाही. पिल्ले उडून गेल्यावर, पावसाळा सरला की उसाकडच्या फांद्या छाटाव्यात, नदीकडच्या ठेवाव्यात, बुंधे हलवू नयेत. त्यांनी तसे करायचे ठरवले. ‘यंदापुरतं तरी,’ असे वर म्हणाले. यंदापुरते म्हणत म्हणतच झाडे मोठी होतात.

पिकाला उपयोग किती?

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. माशीमार किडे खातात, म्हणून ते आले की फवारणी बंद, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. माशीमार निवडून किडे खात नाही. माशा, पतंग, फुलपाखरे खातो, तसे चतुरही खातो. उसाच्या पोटातली खोडकीड त्याला दिसत नाही आणि जमिनीतली हुमणी त्याच्या कामाची नाही. त्याच्याकडून औषधाचे काम करून घेण्याची अपेक्षा धरू नये.

पण तो दुसरे एक काम चोख करतो. काठ कसा आहे, हे सांगतो. ज्या काठावर टिकेलचा माशीमार सांदीत घरटे करतो, तिथली दरड शाबूत आहे. जिथे स्वर्गीय नर्तक पाण्यावरच्या फांदीला कप टांगतो, तिथे सावली आहे, उडते किडे आहेत, म्हणजे औषधांचा मारा बेताचा आहे. जिथे नाचण नाही, नीलमणी नाही, कुणीच नाही, तिथे एकदा आपणच जाऊन काठ तपासावा. माती परीक्षणाला पैसे पडतात. हे परीक्षण फुकट आहे.

घरोघरी एवढे करावे

नदी-ओढ्याच्या कडेची झाडी एकदम साफ करू नये. वैशाख ते आषाढ या दिवसांत तर कोयता लावूच नये, तो घरट्यांचा हंगाम. कडेची एक-दोन सरी सोडून फवारणी करावी आणि वारा नदीकडे असताना पंप उचलू नये. जिथे दरड उघडी पडली आहे तिथे पावसाच्या तोंडाला करंजाची रोपे आणि वाळुंजाची फाटी लावावीत. वाळुंजाची फाटी ओलीत सहज जीव धरतात.

घरटे सापडले तर लांबूनच पाहावे. हल्ली मोबाईल प्रत्येकाच्या खिशात असतो आणि फोटोसाठी फांदी वाकवण्याचा मोह होतो. फांदी हलली, आडोशाची पाने बाजूला झाली की कावळ्याला वाट दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे पक्षी पकडणे, मारणे आणि त्यांची अंडी काढणे गुन्हा आहे, हेही मुलांना सांगून ठेवावे.

आणि मुलांना एक वही करून द्यावी. तारीख, ठिकाण, पक्षी कुठे बसला होता, छातीचा रंग, शेपटीची लांबी, काय करत होता, एवढे सहा रकाने पुरेत. नाव लगेच नाही कळले तरी चालेल. दिवाळीनंतर उत्तरेकडचे पाहुणे माशीमारही येतात. एक सारा निळसर हिरव्या रंगाचा असतो. दुसरा चिमुकला, शेपटी वर उचलून धरणारा. त्याच्या काळ्या शेपटीला बुडाशी दोन्ही बाजूंनी पांढरे असते. हे दोघे वहीत कधी लागतात आणि कधी निघून जातात, ते पाहण्यासारखे असते. दोन-तीन वर्षांची वही जमली की आपल्या गावच्या काठावर कोण वाढले, कोण घटले, हे मूल आपल्याला तोंडपाठ सांगेल.

बनेश्वरला जायला जमले तर जाऊन यावे. नाही जमले तरी अडणार नाही. आपल्या शिवारात एखादा ओढा असेलच आणि त्याच्या काठी चार करंज असतील. दुपारी मोटार चालू करून आले की घटकाभर तिथे सावलीला बसावे, आणि आधी छातीचा रंग पाहावा.